धूम्रपानाचा जमाखर्च



अंकगणित शिकविण्यांत माझीं ३४ वर्षें गेलीं. नफा-तोटा, सरळव्याज, चक्रवाढ व्याज यांचीं उदाहरणें मीं शेंकडों मुलांकडून सोडवून घेतलीं. परंतु जें उदाहरण माझ्या स्वतःच्या खिशांत होतें, तें मात्र पन्नाशी उलटेपर्यंत मीं सोडविलें नाहीं. सिगारेट सोडण्यास काय खर्च येतो आणि न सोडल्यास काय खर्च येतो, हें तें उदाहरण. आज तेंच आपणांसमोर मांडण्याचा विचार आहे.

टिटवाळ्याच्या आमच्या घरीं खर्चाची वही माझी पत्नी लिहीत असे. वाणी, दूध, वीज, औषधपाणी अशीं खातीं तींत असत, आणि शेवटीं ‘किरकोळ’ या नांवाचें एक खातें असे. माझ्या सिगारेटी त्या खात्यांत जात. बारा-तेरा वर्षांपूर्वीं मुलीला परिचारिकेच्या शिक्षणक्रमास प्रवेश मिळाला, आणि शुल्क भरतांना १८,००० रुपये कमी पडले. पतपेढींतून कर्ज काढावें असें ठरलें. त्या रात्रीं पत्नीनें एक अक्षरही न बोलतां वही माझ्यापुढें ठेविली. दररोज १२ सिगारेटी, त्या वेळीं मला पडत असलेल्या ५ रुपये दरानें रोजचे ६० रुपये, आणि वर्षाचे २१,९०० रुपये! जी रक्कम मी व्याजानें आणावयास निघालों होतों, तिच्याहून अधिक रक्कम मीं त्याच वर्षीं जाळून टाकिली होती. मुलांच्या वहींत अशी चूक सांपडली असती, तर मीं तांबड्या शाईची रेघ ओढली असती.

आतां आजचें उदाहरण घेऊं. एक गृहस्थ दररोज १० सिगारेटी ओढतात, व एक सिगारेट त्यांस १५ रुपयांस पडते, असें धरूं. आपला आंकडा वेगळा असेल तर तो घालावा, रीत तीच. दिवसाचे १५० रुपये, महिन्याचे ४,५००, आणि वर्षाचे ५४,०००. दर मुळींच वाढला नाहीं असें धरूनही २० वर्षांचे १० लक्ष ८० हजार रुपये होतात. हेच ५४,००० रुपये प्रत्येक वर्षाअखेर द. सा. द. शे. ६ या चक्रवाढ दरानें ठेविले, तर विसाव्या वर्षाअखेर सुमारें १९ लक्ष ८६ हजार रुपये हातीं येतील. म्हणजे मुद्दलाबरोबर ९ लक्षांहून अधिक व्याजही धुरांत जातें.

आतां वहीची दुसरी बाजू पाहूं. निव्वळ निश्चयाच्या बळावर जो सोडतो, त्यास पैशाचा खर्च कांहींच नाहीं. परंतु असे सोडणारे थोडे. ज्यांस तल्लफ आवरत नाहीं, त्यांच्यासाठीं निकोटीनयुक्त च्युइंगगम मिळतो. तो साधारणतः १२ आठवडे घ्यावयाचा आणि संख्या हळूहळू उतरवीत न्यावयाची. पहिले ६ आठवडे रोज १०, पुढील ३ आठवडे रोज ५, व शेवटचे ३ आठवडे रोज ३ असें धरलें, तर एकूण ५८८ गोळ्या होतात. गोळीस १२ रुपये धरल्यास ७,०५६ रुपये लागतील. डॉक्टरांच्या दोन भेटींचे १,६०० रुपये, व तोंडांत धरण्यास लवंग, वेलदोडे, बडीशेप यांचे ५०० रुपये त्यांत मिळवूं. एकूण ९,१५६ रुपये. याच ८४ दिवसांत सिगारेटींस १२,६०० रुपये लागले असते. तेव्हां सोडण्याच्या काळांतच ३,४४४ रुपये शिल्लक पडतात, आणि पंच्याऐंशीव्या दिवसापासून रोजचे १५० रुपये पुरतेपणीं घरांत राहतात.

परंतु एवढ्यावर हिशेब मिटवून टाकणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. जो विडी ओढतो व रोज २५ रुपयेच खर्च करतो, त्याचे ८४ दिवसांत २,१०० रुपये वांचतात. ९,१५६ रुपये भरून निघण्यास त्यास एक वर्ष लागतें. ज्याचें पोट हातावर आहे, त्याला पुढील वर्षाच्या नफ्यासाठीं आज ९,००० रुपये काढ म्हणून सांगणें सोपें आहे. काढणें अवघड आहे. अशा माणसानें औषधाच्या दुकानाआधीं फुकट मिळणारी मदत घ्यावी. सरकारनें २०१६ सालीं १८००-११-२३५६ या क्रमांकावर तंबाखू सोडूं इच्छिणाऱ्यांसाठीं विनामूल्य दूरध्वनी-सेवा सुरू केली. राष्ट्रीय तंबाखू नियंत्रण कार्यक्रमाखालीं सरकारी रुग्णालयांतूनही समुपदेशनाची सोय केलेली असते. ज्यांस हृदयविकार आहे, त्यांनीं तर च्युइंगगमसुद्धां डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नये.

सोडण्याचा कांहीं खर्च पैशांत मोजतां येत नाहीं, तोही लपवूं नये. पहिला आठवडा फार कठीण जातो. झोंप उडते, चित्त थाऱ्यावर राहत नाहीं, घरच्या माणसांवर विनाकारण राग निघतो. पुढें भूक वाढते. वर्षभरांत सरासरीनें चार-पांच किलो वजन वाढतें. चहाच्या टपरीवरची जुनी बैठक कांहीं दिवस टाळावी लागते, आणि एकटें वाटतें. परंतु हा खर्च बहुतांशीं कांहीं आठवड्यांचा असतो. तल्लफेची एक लाट कांहीं मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाणी प्यावें, चार पावलें चालावें.

उलट ओढीत राहण्याचा न मोजलेला खर्च आयुष्यभर वाढत जातो. रिचर्ड डॉल व त्यांचे सहकारी यांनीं ब्रिटनमधील डॉक्टरांच्या एका मोठ्या समुदायाची १९५१ पासून ५० वर्षें नोंद ठेविली, व आपले निष्कर्ष २००४ सालीं प्रसिद्ध केले. सतत सिगारेट ओढणारांचें आयुष्य न ओढणारांपेक्षां सुमारें १० वर्षांनीं कमी भरलें. तिसाव्या वर्षीं सोडणारास हीं जवळजवळ सर्व वर्षें परत मिळालीं. चाळिसाव्या वर्षीं सोडणारास ९, पन्नासाव्या वर्षीं ६, आणि साठाव्या वर्षींही ३. माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं हा शेवटचा आंकडा ध्यानांत ठेवावा. ‘आतां सोडून काय उपयोग?’ या प्रश्नास तें उत्तर आहे.

त्यांत दुखण्याचा खर्च मिळवावा. परळचें टाटा स्मारक रुग्णालय १९४१ सालीं सुरू झालें. आमच्या बाजूचे रोगी लोकलनें तेथें जातात. उपचार सवलतीनें झाले तरी रोग्याचा रोज बुडतो, सोबत्याचाही बुडतो. तंबाखूच्या सर्व प्रकारांमुळें होणाऱ्या रोगांचा व अकालीं मृत्यूंचा देशावरील भार २०१७-१८ सालीं १,७७,३४१ कोटी रुपये इतका काढण्यांत आला होता. तो भार अखेर कुणाच्या तरी घरखर्चाच्या वहींतच पडतो.

एक सूचना करावीशी वाटते. सिगारेट सोडून तंबाखूची चिमूट तोंडांत धरणें म्हणजे एका सावकाराचें कर्ज दुसऱ्या सावकाराकडून फेडणें होय. २०१६-१७ च्या पाहणींत महाराष्ट्रांत धूम्रपान करणारे प्रौढ शेंकडा ३.८, तर खाण्याची वा लावण्याची तंबाखू वापरणारे शेंकडा २४.४ आढळले. तेव्हां ‘आमच्या घरीं कोणी विडी ओढीत नाहीं’ म्हणून मिश्रीच्या डबीकडे दुर्लक्ष करूं नये.

माझें म्हणाल, तर अंगारकीच्या दिवशीं महागणपतीसमोर मीं दोनदां संकल्प केला. पहिला ११ दिवस टिकला, दुसरा दीड महिना. तिसऱ्या खेपेस सुटली. मोडलेले संकल्प वायां गेले असें मला वाटत नाहीं. तल्लफ कोणत्या वेळीं येते, हें त्यांनींच शिकविलें. पतपेढीचें कर्ज मात्र काढावेंच लागलें, कारण जळलेली रक्कम सोडल्यानें परत येत नाहीं. परंतु सिगारेट सुटल्यावर रोजचे ६० रुपये पत्नी एका डब्यांत टाकूं लागली, आणि महिन्याच्या १,८०० रुपयांतून तें कर्ज वर्षाच्या आंत फिटलें.

आपणही आज रात्रीं घरची वही काढावी, आणि ‘किरकोळ’ या खात्याची बेरीज करावी, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतों.