दुधनेची वाळू

मराठवाड्यातल्या नद्यांचा विषय निघाला की सगळं बोलणं गोदावरीभोवती फिरतं. परभणी जिल्ह्यातल्या शिवारांना आणि विहिरींना ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसलं त्या दुधना, करपरा, मासोळी अशा लहान नद्यांवर कुणी दोन ओळीही लिहीत नाही. दुधना त्यांतली थोरली. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडच्या डोंगरात तिचा उगम. जालना जिल्ह्यात कुंडलिका तिला मिळते. पुढे परतूर ओलांडून ती सेलू-परभणीच्या शिवारांत उतरते आणि पूर्णेला मिळते. पूर्णा कंठेश्वरला गोदावरीत जाते. भूगोलाच्या पुस्तकापुरतं एवढं पुरे. दुधनेचं खरं वेगळेपण तिच्या वाळूत आहे.

हा सगळा मुलूख साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर वसलेला आहे. नदीची उभी दरड नीट पाहिली तर वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे मिसळलेला पिवळट गाळ, मग मुरूम आणि तळाशी काळा पाषाण दिसतो. या पाषाणात, म्हणजे बेसाल्टमध्ये, गारेचा अंश जवळजवळ नसतोच. ग्रॅनाइट झिजला की गारेचे कण मागे उरतात आणि त्यांची वाळू होते. नांदेड जिल्ह्यात देगलूर-बिलोलीकडे तो खडक आहे. बेसाल्ट झिजला की बहुतेक चिकणमातीच होते. म्हणजे ज्या खडकाने परभणीला कापसाची आणि ज्वारीची काळी जमीन भरभरून दिली, त्यानेच वाळू देताना मात्र हात आखडता घेतला.

दुधनेची मूठभर वाळू तळहातावर पसरून बघावी. काळपट पाषाणाचे बारीक कण, लाव्हाच्या पोकळ्यांत तयार झालेल्या गारगोटीचे पांढरे, दुधी, क्वचित लालसर तुकडे, चुनखडीचे गोल खडे आणि शिंपल्यांचा चुरा, असा तो ऐवज असतो. इतकी वाळू साठायला किती पूर जावे लागले असतील याचा हिशेब माणसाच्या आयुष्यात बसत नाही.

या वाळूवर पाण्याचं गणित उभं आहे. इथे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात. दिवाळी सरली की धार बारीक होते आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं दिसतं. पण वाळूच्या थरात कणांमधल्या पोकळ्या भरून पाणी राहिलेलं असतं. परभणीच्या उन्हात उघड्या तलावातून वर्षाकाठी सुमारे दोन मीटर पाणी उडून जातं. वाळूत हात-दीड हात खाली गेलेल्या पाण्याला मात्र ऊन सहसा शिवत नाही. म्हणून तर बाया पात्रात झिरा उकरायच्या. आधी गढूळ पाणी वाटीने उपसून टाकायचं, थोडा वेळ थांबायचं, मग निवळशंख पाणी झिरपून येई आणि वाटी-वाटीने घागर भरे. काठच्या विहिरींनाही याच थराचा आधार होता.

माणसाआधीपासून या वाळूवर पाखरांचा हक्क आहे. नदीसुरय उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालते, टिटवी गोट्यांत अशी अंडी ठेवते की दोन पावलांवरूनही दिसू नयेत. कासवंही अंडी घालायला काठच्या वाळूतच येतात. मरळ आणि वाम डोहात तग धरतात, आणि भोवतालचा वाळूचा थर ओला असेल तरच डोह टिकतो.

सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीला निम्न दुधना धरण झालं. 20 दरवाजे, एकूण साठा सुमारे 345 दशलक्ष घनमीटर. धरणाने सेलू-परतूरची तहान भागवली, शेताला पाणी दिलं. हिवाळ्यात त्याच्या फुगवट्यावर चक्रवाक उतरतात. हे सगळं मोलाचं आहे. पण वरून वाहत येणारी वाळूही त्याच भिंतीपाशी अडते. खालच्या पात्राला नव्या वाळूचा पुरवठा फार थोडा उरला, आणि नेमका तिथेच उपसा वाढला. पूर्वी बैलगाडीने वाळू जायची, आता जेसीबी, हायवा, तराफे आणि केनी लावून रात्रीतून पात्र खरवडलं जातं. जिथे पाषाण उघडा पडला तिथे पूर आला तसा निघून जातो आणि काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2022 च्या अहवालानुसार जग वर्षाला सुमारे 50 अब्ज टन वाळू-खडी वापरतं, तेव्हा ही ओढ एकट्या दुधनेची नाही. आपल्याकडे फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लहान वाळूघाटांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. 2023 मध्ये राज्याने 600 रुपये ब्रासने डेपोतून वाळू देण्याचं धोरण आणलं, 2025 मध्ये कृत्रिम वाळूचं. या शेवटच्या वाटेवर माझी भिस्त आहे. नदीला जे जमत नाही ते क्रशर करतो, बेसाल्ट फोडून त्याची वाळू करतो, आणि पाषाणाला इथे तोटा नाही. त्यामुळे ब्रह्मवाकडीच्या भिंतीपासून पूर्णेच्या संगमापर्यंतचा एकही घाट लिलावात काढू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्रीय जल आयोग झरीला दुधनेचं पाणी मोजतो. तिथेच दर उन्हाळ्यात पात्रातल्या वाळूची जाडीही मोजून ग्रामसभेपुढे ठेवता येईल.