आधी टेकू, मग हात

मागच्या वेळी आपण कर्जाच्या हप्त्यांबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज बोलायचंय गाडी जॅकवर कशी उचलायची यावर. तुम्ही म्हणाल, ताई, हे काम गॅरेजवाल्याचं, आपल्याला काय करायचंय? पण आता आपल्या बऱ्याच घरांत जुनी का होईना, चारचाकी आली आहे. पापड, मसाले, डबे पोचवायला काही गटांनीही गाडी घेतली आहे. गाडी आली की पंक्चर आलंच.

आमच्या गटाचा चहा-नाश्त्याचा स्टॉल नगर-पुणे रस्त्यावर, सुप्याजवळ आहे. गेल्या पावसाळ्यानंतर एक दिवस तिथं लाल रंगाची, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी स्पोर्ट्‌स कार येऊन थांबली. पुण्याहून शिर्डीला निघालेला तरुण मुलगा होता. मागच्या चाकातली हवा जात होती. असल्या गाड्यांत बहुतेक वेळा स्टेपनी नसते, पंक्चर बुजवायचं औषध आणि हवेचा छोटा पंप तेवढा असतो. खिळा टायरच्या आतल्या बाजूला घुसलेला, म्हणजे चाक काढणं भाग होतं.

चहा पिणारी चार-पाच पोरं लगेच पुढं झाली. “दादा, काळजी करू नका, हातानंच उचलतो.” एकानं तर मागच्या बंपरला हातही घातला. तेवढ्यात शेजारचे पंक्चरवाले चाचा ओरडले, “अरे सोड! ते प्लॅस्टिक आहे, हातात येईल. आणि गाडी घसरली तर बोटं जातील.”

चाचांनी पुढं जे केलं, ते मी जवळ उभी राहून पाहिलं, आणि प्रत्येक गोष्टीला का म्हणून विचारलं. तेच आज तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट वजनाची. अशी गाडी साधारण दीड हजार किलोची असते. एका कोपऱ्यावर साडेतीनशे-चारशे किलो येतात. म्हणजे कांद्याच्या पन्नास किलोच्या सात-आठ गोण्या, आणि त्या सगळ्या जॅकच्या तळहाताएवढ्या डोक्यावर. तेवढा भार सोसणाऱ्या जागा गाडीखाली मोजक्याच असतात. चाचा म्हणाले, “ताई, गाडीलापण हाड असतं आणि कातडं असतं. जॅक हाडाला लावायचा.” दाराखाली जी कड असते, तिथं पुढच्या चाकाच्या मागं आणि मागच्या चाकाच्या पुढं खाच किंवा खूण केलेली असते. ती जागा जाड पत्र्यानं मजबूत केलेली असते. ती नेमकी कुठं, हे गाडीसोबतच्या पुस्तकात चित्र काढून दाखवलेलं असतं. बाहेरून दिसणारी प्लॅस्टिकची झालर, गाडीखालचा सपाट पत्रा, इंजिनाखालचा ऑइल चेंबर, सायलेन्सर हे सगळं कातडं. तिथं जॅक लावला की झालर तडकते, पत्रा आत जातो, चेंबर फुटला तर ऑइल रस्त्यावर. विजेवर चालणाऱ्या गाडीच्या तळाशी बॅटरी असते, तिला तर जॅक अजिबात टेकवायचा नाही.

दुसरी अडचण उंचीची. चाचांचा चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक पूर्ण खाली बसवला तरी पाच-साडेपाच इंच उंच. गाडीखाली जागा चार-साडेचार इंच. जॅक आत जाईना. जोर लावून ढकलला असता तर झालर तिथंच फुटली असती. मग चाचांनी टायरमध्ये हवा भरून घेतली आणि दीड-दोन इंच जाडीच्या दोन लाकडी फळ्या आणल्या. फळ्यांचं एक टोक उतरतं तासलेलं होतं. एक फळी पुढच्या चाकासमोर, एक त्याच बाजूच्या मागच्या चाकासमोर ठेवली आणि गाडी अगदी सावकाश फळ्यांवर घेतली. ती बाजू दोन इंच वर आली आणि जॅक आरामात आत गेला. बुटक्या गाड्यांसाठी तीन-साडेतीन इंचांचे जॅकही मिळतात, पण फळी स्वस्त आणि कुणाकडंही असते.

हे सगळं कडक, सपाट जागेवर केलं. जॅकला मऊ जमीन चालत नाही. आपल्याकडं कोपरगाव, श्रीरामपूर भागात काळी माती आहे. ती ओली असली की जॅक वर जायच्याऐवजी खाली रुततो आणि गाडी कलंडते. तशा ठिकाणी जॅकखाली जाड, रुंद फळी हवीच. उतारावर तर गाडी उचलूच नका.

मग हँडब्रेक ओढला, गाडी गिअरमध्ये टाकली आणि समोरच्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले. चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल केले. हवेत असताना पान्यावर जोर दिला तर गाडी जॅकवर हलते. चढवताना उलटं. नट समोरासमोरचे, आळीपाळीनं, हलके आवळायचे आणि चाक जमिनीला टेकलं की पक्के करायचे. पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर परत एकदा बघायचे.

जॅकच्या लोखंडी डोक्यावर चाचांनी खाच असलेला जाड रबरी ठोकळा ठेवला. दाराखालची कड त्या खाचेत बसली, त्यामुळं ती वाकली नाही, रंगही गेला नाही. दारं बंद ठेवली, आत कुणी बसलं नाही. आणखी एक बारीक गोष्ट कळली. ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, तो गोलाकार वर जातो. म्हणून जॅकची चाकं गाडी उचलताना थोडी सरकायला मोकळी हवीत. ती खड्यात अडकली तर जॅकचं डोकं घसरतं आणि झालर फाडतं. चाचांनी आधी खालचे खडे झाडले ते त्यासाठी.

आता मुख्य गोष्ट. गाडी वर गेल्यावर चाचांनी चाकाला हात लावला नाही. आधी त्याच बाजूच्या दुसऱ्या मजबूत जागेखाली लोखंडी स्टँड लावला, वर रबर ठेवलं, गाडी हळूच त्यावर टेकवली आणि हलवून पाहिली. मग चाक काढलं. मी विचारलं, “चाचा, जॅक असताना हे कशाला?” ते म्हणाले, “जॅक उचलायला असतो, धरून ठेवायला नाही.” तेलाच्या जॅकच्या आत रबरी सील असतं. ते झिजलं की जॅक हळूहळू बसतो, फुटलं तर एका क्षणात. आपण छपराची तुळई बदलताना आधी टेकू देतो की नाही? तसंच हे.

मैत्रिणींनो, हा विषय मी निवडला त्याचं कारण आता सांगते. माझ्या माहेरी जीप होती. भाऊ एकदा अंगणात जॅक लावून चाक काढत होता. टेकू म्हणून दोन विटा ठेवल्या होत्या. वीट वरून पक्की दिसते, पण एका जागी भार आला की सूचना न देता भुगा होते. जॅक घसरला, विटा फुटल्या आणि भावाचा उजवा हात खाली सापडला. आज त्याच्या दोन बोटांत वाक नाही. त्या वेळी मी दारातच उभी होते. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी काही बोलले नाही. मला कळत असतं तर मी विचारलं असतं.

म्हणून सांगते, टेकू म्हणून वीट, सिमेंटचा पोकळ ठोकळा किंवा दगडांची उतरंड कधीही नको. रस्त्यावर चाक बदलायचं आणि स्टँड नसेल, तर चाक काढण्याआधी स्टेपनी दाराखालच्या कडेखाली आडवी सरकवून ठेवा. जुनं चाक निघालं की ते तिथं ठेवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. जॅक घसरलाच तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं, हात, पाय काहीही घालायचं नाही, एक मिनिटासाठीही नाही.

समृद्धी महामार्ग 11 डिसेंबर 2022 ला शिर्डीपर्यंत सुरू झाला. तिथं ताशी 120 किलोमीटर वेगानं गाड्या जातात. अशा रस्त्यावर चाक बदलत बसू नका. धोक्याचे दिवे लावा, सगळ्यांना कठड्याच्या पलीकडं उभं करा आणि फलकावरच्या मदत क्रमांकावर फोन करा.

तो मुलगा तासाभरात शिर्डीला निघून गेला. गाडीवर ओरखडासुद्धा नव्हता. आमच्या गटानं पुढच्या बैठकीत ठराव केला. गटाच्या गाडीत आता दोन फळ्या, दोन लाकडी ठोकळे, रबरी ठोकळा आणि स्टँड असतो. एका रविवारी चाचांना बोलावून आम्ही सगळ्या जणींनी एकेकदा चाक काढून बसवलं. साठीच्या आत्याबाईंनीसुद्धा पाना फिरवला.

तुम्ही स्वतः जॅक लावा किंवा न लावा. पण घरात, शेतात, रस्त्यावर कुणी गाडी उचलताना दिसलं, तर जवळ जाऊन एवढं नक्की विचारा, “टेकू लावलाय का?” कुणी हसलं तर हसू द्या. तुम्ही विचारा.