मोबाईलवर शिकणाऱ्या लेकीचं डोकं का दुखतं?



मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागलं आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची कॉलेजं बंद पडली. चाकूर तालुक्यातल्या पोरी घरात बसून मोबाईलवर तास करू लागल्या. पुढं कॉलेजं उघडली, पण व्हिडिओ, पीडीएफ नोट्स, ऑनलाईन फॉर्म मोबाईलवरच राहिले. अन् "माय, डोकं लई दुखायलंय" हेही राहिलं.

मग घरात कुणी दृष्ट काढतं, तर कुणी म्हणतं, "मोबाईल बंद, शिक्षण पुरे." कारण शोधायचं मात्र राहून जातं. ते आधी बघू.

डोळे : स्क्रीनकडे टक लावून बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. नंबर असून चष्मा नसेल तर ताण आणखी वाढतो.

मान : मोबाईल मांडीवर ठेवून मान खाली घातली की स्नायू आखडतात. मग कपाळाला पट्टा आवळल्यासारखं दुखतं.

झोप, पाणी, जेवण : फोन घरात एकच. वडील कामावरून आल्यावर रात्री तो पोरीच्या हाती येतो. मग जागरण होतं आणि सकाळी उपाशीपोटी धावपळ. उन्हाळ्यात पत्र्याखाली बसून पाणी कमी पडलं तरी डोकं धरतं.

रक्त कमी असणं : हिमोग्लोबिन 12 च्या खाली गेलं की थकवा, धाप आणि डोकेदुखी होऊ शकते. आशाताईंना विचारून तपासून घ्या.

अर्धशिशी : बहुतेकदा एका बाजूला ठणकतं, मळमळतं, उजेड सोसत नाही. काहींना पाळीच्या दिवसांत होते. यावर डॉक्टरांचे उपचार आहेत.

घरी काय करता येईल? दर 20 मिनिटांनी 20 सेकंद, 20 फूट लांब बघायचं. दारातून समोरचा लिंब बघितला तरी चालतं. मोबाईल डब्याला टेकवून डोळ्यांसमोर ठेवा. अंधारात वाचू देऊ नका. नुसतं ऐकण्यासारखा तास असेल तर डोळे मिटून ऐकू द्या. गटाचा हिशेब लिहितो तशी वहीत नोंद ठेवा : कधी दुखलं, आधी काय खाल्लं, किती झोप झाली. महिन्याभरात कारण दिसायला लागतं.

दुकानातून गोळी आणून रोज देऊ नका. महिन्यात 10-15 दिवस गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखू लागतं.

अचानक फार जोरात दुखलं, तापासोबत मान ताठली, हातपाय लुळे पडले, बोलणं अडखळलं, दिसेनासं झालं किंवा डोक्याला मार लागल्यावर उलट्या झाल्या, तर थांबू नका. 108 ला फोन करा.

येत्या बैठकीला येताना प्रत्येकीनं शिकणाऱ्या लेकीला एवढंच विचारून यावं : "तुझ्या हातात फोन कधी येतो?" उत्तर "रात्री" असेल, तर दिवसा एक तास फोन तिला कसा मिळेल, हे घरात बसून ठरवा. डोकं दुखतं म्हणून शिक्षण सोडायची गरज नाही.