दोन इंचांची गादी

आपल्या केनवडला रेल्वे नाही. मुंबईला मामाकडे जायचं तर एस.टी.नं अकोला गाठायचं आणि मग गाडी पकडायची. स्लीपरच्या डब्यात शिरलो, की आपण बर्थवर मस्त ताणून देतो. पण ही गादी तिथं कधी आली? आजोबांना विचारा. त्यांच्या तरुणपणी दुसऱ्या वर्गात नुसती लाकडी फळी असायची. सकाळी उतरताना अंग नुसतं ठणकायचं! गादी मिळायची ती पहिल्या वर्गाच्या प्रवाशांना.

हे बदललं प्रा. मधु दंडवते यांनी. जन्म २१ जानेवारी १९२४, अहमदनगरचा (आताचं अहिल्यानगर). मुंबईच्या सिद्धार्थ कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवायचे. १९५५ मध्ये गोव्याच्या सत्याग्रहात त्यांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्ला. १९७१ पासून कोकणातल्या राजापूरनं त्यांना ओळीनं पाच वेळा लोकसभेवर पाठवलं. आणीबाणीत ते बंगळूरच्या तुरुंगात, तर पत्नी प्रमिलाताई येरवड्याच्या. दोघांची भेट व्हायची ती फक्त पत्रांतून.

सुटले आणि १९७७ मध्ये एकदम रेल्वेमंत्रीच झाले! १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या रेल्वे कामगारांना त्यांनी परत कामावर घेतलं. मग लक्ष घातलं त्या लाकडी फळीत. पहिल्या वर्गाची गादी काढून घ्या, असं ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या वर्गाला वर आणायचं, हा त्यांचा हिशेब. फळीवर दोन इंच फोम बसवायचा, एवढंच! पण डबे हजारो. आधी मोठ्या गाड्यांना, मग हळूहळू बाकीच्यांना फोम मिळाला.

त्याच डिसेंबरात मुंबई-हावडा गीतांजली एक्सप्रेस धावली. सगळे डबे एकाच वर्गाचे. साहेब आणि शिपाई शेजारी शेजारी. आता तिला वातानुकूलित डबेही आहेत, ही गोष्ट वेगळी.

कोकणात रेल्वे यावी म्हणून ते वर्षानुवर्षं झगडले. १९९० मध्ये ते अर्थमंत्री असताना कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झालं. पण गंमत बघा, १९९१ च्या निवडणुकीत त्याच राजापुरात ते हरले. रुळांचं काम मात्र चालूच राहिलं आणि १९९८ साली रोह्यापासून मंगळूरजवळपर्यंत गाडी सुरू झाली.

१२ नोव्हेंबर २००५ रोजी ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला देण्यात आला.

गीतांजली अकोल्याला थांबते. कधी तिच्यातून गेलात, तर आजोबांना खिडकीजवळ बसवा आणि त्या लाकडी फळीच्या गोष्टी सांगायला लावा.