शोधणारा मोठा की घडवणारा?

(भिवापूर येथे झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

इथे येताना गाडीत दोन तरुण माझ्या मागच्या सीटवर वाद घालत होते. सगळ्यात चांगला कोच कोण? एक म्हणे, ज्याच्याकडे जास्त कप तो. दुसरा म्हणे, अरे त्याला पोरंच चांगली भेटली, त्यात त्याचं काय? उमरेड मागे पडलं तरी भांडण मिटलं नव्हतं. मला वाटतं दोघंही अर्धे बरोबर होते, आणि आजचा विषय तोच आहे.

कप एकच असतो, पण त्यामागे कामं दोन असतात. एक, पोरगं शोधून आणायचं. दुसरं, आणलेलं पोरगं घडवायचं. आपण दोन्हीची बेरीज करतो आणि एकाच माणसाच्या गळ्यात हार घालतो. भिवापुरात हे फार समजावून सांगायला नको. मिरचीचं रोप कुणाच्या वाफ्यातलं आणि पुढची मशागत कुणाची, हे तुम्ही लोक वेगवेगळं विचारता. खेळात मात्र कुणी विचारत नाही.

ही दोन कामं सगळ्यात उघडपणे वेगळी दिसतात ती अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये, म्हणून थोडा वेळ तिकडे जाऊन येऊ. तिथे कॉलेजचा प्रशिक्षक स्वतः शाळाशाळांतून फिरतो, घरी जाऊन आईबापांशी बोलतो, शिष्यवृत्ती देऊन मुलगा आणतो. भरती हा त्याच्या नोकरीचाच भाग. मग दरवर्षी मार्चमध्ये ६८ संघांची बाद फेरी होते आणि देश थांबतो.

तिथलं सगळ्यात मोठं नाव जॉन वुडन. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए या विद्यापीठाला त्यांनी बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवून दिली, १९६४ ते १९७५. त्यातली सात ओळीने. आता गाडीतला तो दुसरा पोरगा म्हणेल, त्यांच्याकडे सव्वासात फुटी करीम अब्दुल-जब्बार होता, नंतर बिल वॉल्टन होता, मग काय! ठीक आहे, आपण हिशेब करू. करीम, तेव्हाचं नाव ल्यू अल्सिंडर, न्यूयॉर्कहून आला. मुख्य संघात तो तीन हंगाम होता, तीन विजेतेपदं झाली. वॉल्टनच्या तीन हंगामांत दोन. म्हणजे पाच. उरलेली पाच या दोघांशिवाय आहेत! आणि पहिलं, १९६४चं, तर अशा संघाने मिळवलं ज्याच्या सुरुवातीच्या पाचांत साडेसहा फुटांचाही कुणी नव्हता. उंची नाही, तर पूर्ण कोर्टभर समोरच्याच्या अंगावर जाऊन त्याला श्वास घेऊ द्यायचा नाही, असा बचाव त्यांनी बसवला. हा वुडनचा सोळावा हंगाम होता. सोळावा! आपल्याकडे सोळा वर्षं बिनकपाच्या कोचला कोण ठेवील, सांगा. हेच वुडन पहिल्या दिवशी पोरांना मोजे कसे घालायचे ते शिकवत. सुरकुती राहिली तर फोड येतो, फोड आला तर सराव बुडतो.

दुसऱ्या टोकाला जॉन कॅलिपारी. २००९ ते २०२४ केंटकी विद्यापीठात. भरतीत याचा हात धरणारा माणूस विरळा. जॉन वॉल, अँथनी डेव्हिस, डेव्हिन बुकर, सगळे याच्याकडचे. त्या काळच्या नियमाने मुलाला शाळेनंतर वर्षभर थांबूनच व्यावसायिक संघात जाता येई, त्यामुळे पोरं एक वर्ष राहत आणि निघून जात. पंधरा वर्षांत विजेतेपद एकच, २०१२चं. २०१५ला ३८ सामने सलग जिंकून उपांत्य फेरीत हरले. लोक म्हणतात, एवढं सोनं असून दागिना एकच. मी तेवढं कडक बोलणार नाही. दरवर्षी नवा संघ उभा करायचा, हे वुडनना कधी करावं लागलं नाही.

आणि तिसरा, ब्रॅड स्टीव्हन्स. बटलर नावाचं छोटं कॉलेज, मोठ्या कॉलेजांनी ज्यांच्यामागे धाव घेतली नव्हती अशी पोरं, आणि २०१० व २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम सामना. दोन्ही हरले. पहिला तर ड्यूककडून ६१-५९ असा, फक्त दोन गुणांनी. कपाच्या यादीत हा माणूस शून्यावर आहे. मला विचाराल तर शिकवण्यात तो कुणाला कमी नाही.

आता घरी येऊ. आपल्या विदर्भाच्या क्रिकेटने हा प्रयोगच करून दाखवलाय, फक्त आपण तसं पाहिलं नाही. सहा दशकं आपण रणजीत खेळलो आणि हाती काही नव्हतं. २०१७-१८ला चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आले आणि पहिल्याच हंगामात, इंदूरला दिल्लीला हरवून, करंडक आणला. पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून पुन्हा. सगळा महाराष्ट्र म्हणाला, पंडितांची जादू. काही म्हणाले, छे, वसीम जाफर मुंबईहून आणला, गणेश सतीश कर्नाटकहून आणला, भरती चांगली झाली. जाफरने दुसऱ्या वर्षी हजारावर धावा केल्या, वयाच्या चाळिशीत, हे खरंच आहे. पण इंदूरला हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी कुठला? शतक ठोकणारा अक्षय वाडकर कुठला? नागपूरच्या फायनलमध्ये अकरा बळी घेणारा आदित्य सरवटे कुठला? ही सगळी इथली पोरं. पंडित येण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी त्यांना शोधलं, सांभाळलं होतं.

मग श्रेय कुणाचं? पुढे काय झालं ते बघा. पंडित मध्य प्रदेशात गेले. तिथे २०२२ला, मुंबईला हरवून, मध्य प्रदेशाचा पहिला रणजी करंडक! माणसं बदलली, निकाल तोच. म्हणजे शिकवणं खरं होतं. आणि पंडित गेल्यावर विदर्भ कोसळला का? २०२३-२४ला उपविजेते, २०२४-२५ला पुन्हा विजेते. यावेळी प्रशिक्षक उस्मान घनी. करुण नायर बाहेरून आणलेला, त्याने अंतिम सामन्यात ८६ आणि १३५ केल्या. पण हंगामात ६९ बळींचा विक्रम हर्ष दुबेचा, ९६० धावा यश राठोडच्या, आणि अंतिम सामन्यात दीडशे मारणारा दानिश मालेवार, सगळे आपले. म्हणजे रोपवाटिकाही खरी होती. गंमत अशी, की त्या सामन्यात समोर केरळ होतं आणि केरळकडून आपलाच सरवटे खेळत होता. आपण भरती करतो तशी आपलीही भरती होते, तक्रार नको.

याच गोष्टीची दुसरी बाजू म्हणजे उमेश यादव. वलनीचा, कोळसा खाणीतल्या कामगाराचा मुलगा, नागपूरच्या अगदी जवळ. टेनिस बॉलवर खेळायचा. वयाच्या विशीपर्यंत लेदर बॉल नीट हातात नाही. २००८ला रणजीत आला आणि २०११ला कसोटी खेळला, विदर्भाचा पहिला कसोटीपटू. वेग अंगातच होता, तो कुणी बसवला नाही. कुणीतरी वेळेवर बघितलं, एवढंच. न बघितलेले किती असतील, हा विचार मला झोपताना त्रास देतो. मी स्वतः निवड समितीत बसलेलो आहे. एकदा एका बुटक्या पोरीला आम्ही दोन मिनिटांत बाहेर काढलं, उंची बघून. पुढे ती दुसऱ्या जिल्ह्याकडून आमच्याविरुद्ध खेळली आणि आम्हाला एकटीने हरवलं.

पंडित ज्यांचे शिष्य, त्या रमाकांत आचरेकर सरांना मात्र या दोन कप्प्यांत घालता येत नाही. सर स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळलेले. सचिनला त्यांनी शाळा बदलायला सांगितली, वांद्र्याहून शारदाश्रमात. का? तिथे सामने जास्त. ही भरतीच की! पण भरती करून थांबले नाहीत. स्कूटरवर मागे बसवून एका मैदानातून दुसऱ्या मैदानात नेलं, स्टंपवर रुपयाचं नाणं ठेवलं, नाबाद राहिलास तर तुझं. शोधणारा आणि घडवणारा एकच असला की मूल मधल्यामध्ये हरवत नाही.

सरकारही दोन्ही करायला बघतं. क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेतात ती उंची, वजन, ३० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, ८०० मीटर अशा चाचण्या लावून. चाचणीत पाय कळतात. हरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगं मैदानावर येतं की नाही, हे टेपने मोजता येत नाही. ते फक्त गावातल्या पीटीच्या सरांना ठाऊक असतं, आणि त्यांना कुणी फोन करत नाही.

१९८५ला द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला तेव्हा पहिल्या मानकऱ्यांत नांबियार होते, ज्यांनी पी. टी. उषाला शाळकरी वयात हेरलं आणि ऑलिम्पिकपर्यंत नेलं. योग्यच निवड. पण पुरस्काराला नाव द्रोणाचार्यांचं, ज्यांनी भरतीच्या वेळी एकलव्याला परत पाठवलं! असो.

शेवटी एका ताईंनी चिठ्ठीवर प्रश्न पाठवलाय, तो वाचतो. ‘मुलगी कबड्डी चांगली खेळते. बाहेरच्या अकादमीने बोलावलंय. पाठवू का?’ ताई, नागपूरचा ओजस देवतळे धनुर्विद्येसाठी साताऱ्याला प्रवीण सावंतांकडे गेला आणि २०२३ला बर्लिनमध्ये जगज्जेता झाला. त्याच दिवशी त्याच अकादमीची अदिती स्वामीही झाली. तेव्हा लांब पाठवायला घाबरू नका. फक्त एक करा. त्यांच्या भिंतीवरचे फोटो बघू नका, ते आणलेल्या पोरींचेही असतात. सामना नसलेल्या एखाद्या मंगळवारी, न कळवता, सरावाला जाऊन बसा. सर स्टार पोरीशी किती बोलतात ते सोडा, बाकावर बसलेल्या बाराव्या पोरीला काय सांगतात ते ऐका. आणि इथल्या तिच्या सरांना सोबत घेऊन जा, भाडं मी देतो.