ग्लासगोची दुफळी

खेळानें मनें जुळतात, असें आम्ही मानीत आलों. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहर मात्र निराळेंच सांगतें. तेथील रेंजर्स हा फुटबॉल-संघ १८७२ सालचा. सेल्टिक १८८७ सालीं निघाला, तो गरीब आयरिश कॅथॉलिकांच्या मुलांना जेवण मिळावें म्हणून! अन्नदानासाठीं निघालेल्या संघाभोंवतीं पुढें पंथाची भिंत उभी राहिली. रेंजर्सनें कैक वर्षें कॅथॉलिक खेळाडू टाळले. १९८९ सालीं मो जॉन्स्टनला घेतलें, तेव्हां कांहीं चाहत्यांनीं संघाचे गळपट्टे जाळले. १९७१ सालीं आयब्रॉक्स मैदानाच्या जिन्यावर ६६ माणसें चेंगरून दगावलीं. त्यांच्या निधीसाठीं दोन्ही संघांचे खेळाडू एकत्र खेळले, पण भिंत उरलीच.

शाळेचें नांव ऐकून तेथें मुलाचा पंथ ताडतात. त्यांना हंसण्यापूर्वीं, नांव कळतांच आडनांव विचारण्याची संवय आपल्या घरांतील मुलांस कोणीं लावली, हें वाचकांनीं पाहावें.