साडेपाच तासांची तफावत

डिस्कची वाटणी आज करावयाची, असे मी गेल्या आठवड्यात कबूल केले होते. परंतु गडचिरोलीच्या एटापल्ली तालुक्यातील एका शिक्षकमित्राचे पत्र आले आणि तो बेत तहकूब करणे भाग पडले. त्यांच्या नव्या लॅपटॉपवर विंडोज मूळचेच होते, शेजारी त्यांनी उबुंटू बसविले, आणि दोन्ही सुरळीत चालू झाली. मात्र शाळेच्या गावी, जेथे नेट पोहोचत नाही, सकाळी दहाला उबुंटू उघडावे तर पडद्यावर दुपारचे साडेतीन दिसतात; तालुक्याला येऊन मोबाइलचे नेट जोडले की ही वेळ ताळ्यावर येते, पण गावी परतून विंडोज उघडावे तो तेच साडेपाच तास मागे! यंत्र सदोष निघाले काय, अशी त्यांची पृच्छा आहे.

यंत्र निर्दोष आहे. संगणक बंद असतानाही चालू राहणारे एक चिमुकले घड्याळ त्याच्या पोटात असते. ते तारीख आणि वेळ तेवढी सांगते, ती वेळ कोणत्या मुलखाची याची नोंद त्यात नसते. विंडोज डॉसच्या अमदानीपासून तेथे स्थानिक वेळ लिहीत आले. उबुंटू हे लिनक्स, आणि लिनक्स युनिक्सच्या परंपरेतले, म्हणून ते तेथील दहा हे जागतिक प्रमाणवेळेचे दहा मानते आणि त्यांत भारताचे साडेपाच तास मिळवते. नेट मिळताच ते अचूक वेळ मागवून घड्याळात जागतिक वेळ नोंदवते, आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचते.

हे साडेपाच तास मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताचे. 1 जानेवारी 1906 पासून ही प्रमाणवेळ अमलात आली, तरी 39 मिनिटे मागे असलेली आपली वेळ मुंबईने 1955 पर्यंत सोडली नाही. गडचिरोली ऐंशी अंशांच्या आसपास असल्यामुळे तेथील माध्यान्ह घड्याळाच्या बारानंतर सरासरी दहा मिनिटांनी होते, चंद्रपुरास सुमारे तेरा. एका घड्याळावरून दोन व्यवस्थांत मतभेद व्हावा, यात मला तरी नवल वाटत नाही.

पण उपेक्षाही करू नये. सकाळी उबुंटूत लिहिलेल्या प्रश्नपत्रिकेवर दुपारची वेळ पडते, मग दुपारी विंडोजमध्ये केलेली दुरुस्ती तिच्याहून जुनी ठरते, आणि नक्कल करताना जुनी प्रत नवीवर चढते.

उपाय असा. विंडोजमध्ये वेळ बरोबर करून संगणक पूर्ण बंद करावा, नंतर नेट न जोडता उबुंटू उघडून टर्मिनलमध्ये रोमन लिपीत ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1 --अ‍ॅडजस्ट-सिस्टम-क्लॉक’ ही आज्ञा द्यावी. तिचा शेवटचा भाग गाळू नये. तो गाळला तर उबुंटूची चुकीची वेळच घड्याळात उतरते. ही आज्ञा मुकाट्याने पार पडते, पण नंतर नुसते ‘टाइमडेटसीटीएल’ लिहून पाहिल्यास एक इशारा उमटेल, कारण उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे सारणाऱ्या देशांत ही पद्धत घोटाळा करते. आपल्याकडे तशी प्रथा नाही, म्हणून विंडोज कायम ठेवणाऱ्यास हाच मार्ग मी निःशंकपणे सुचवतो.

वाटणी पुढील आठवड्यात. तत्पूर्वी आपल्या विंडोजवर डिस्कला कुलूप घालणारे बिटलॉकर चालू आहे काय ते पाहावे, आणि असल्यास त्याची 48 अंकी किल्ली वहीत उतरवून ठेवावी. तिच्यावाचून मी वाटणीस प्रारंभ करणार नाही.